दोघांनीही एक वाढवला

“पहिलं अक्षर कोनं खाल्लं?” नगराळे सरांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

पडद्यावर गावांची यादी होती. नावं इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. पारव्यातला ‘पी’ गळून नुसतं आरवा उरलं होतं. यवतमाळचं अवतमाळ झालं होतं आणि केळापूरचं एळापूर. शिवाय प्रत्येक नावाच्या शेपटाला चौकोन, बदामाचं चिन्ह आणि कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरं चिकटली होती.

“मी नाही खाल्लं सर,” शेजारच्या खुर्चीतली ममता राठोड म्हणाली. “माह्या प्रोग्रॅमनं तं अख्खं नाव पाठवलं. तुमच्या पास्कलनंच खाल्लं.”

“माह्या पास्कलनं वीस वर्षांत कोनाचं अक्षर नाही खाल्लं. तुह्या पायथनच्या हातूनच सांडलं असन कुठं.”

“साप हाय तो सर. त्याले हात नसते.”

सरांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत जिरवलं. ममता त्यांचीच विद्यार्थिनी. माउस कसा धरायचा हे तिला याच खोलीत त्यांनी शिकवलं होतं, आणि आता ती पुण्याच्या कंपनीचं काम घाटंजीत बसून करत होती. तिच्या तांड्यावर फोन लागायचा पण इंटरनेट लागायचं नाही, म्हणून ती रोज लॅपटॉप घेऊन सरांच्या क्लासमध्ये येऊन बसे. क्लास म्हणजे तरी काय, बाहेर ‘प्रज्ञा कॉम्प्युटर क्लासेस’ अशी पाटी होती, आत शिकायला कुणी येत नव्हतं. सातबारा काढायला आणि आधारला मोबाइल जोडायला यायचे. सर तेही मन लावून करत. धर्मपाल नगराळे हा माणूसच असा की झेरॉक्स काढायची तरी कागद आधी टेबलावर ठोकून चारही कडा सरळ करणार.

भांडण चाललं होतं ते काळी-पिवळीच्या स्टँडवरून.

फार वर्षांपूर्वी घाटंजीच्या जीपस्टँडवर ड्रायव्हर लोक सवारीसाठी घसा फोडून ओरडत. नुसतं ओरडत नसत, पिशव्या ओढत. एकदा एका बाईची पिशवी आर्णीला गेली आणि बाई पारव्याला. तेव्हाच्या ठाणेदारांनी ओरडण्यावर बंदी घातली. मग जीपवाल्यांच्या मंडळानं नगराळे सरांना गाठलं. सर तेव्हा नुकतेच पास्कल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकले होते आणि कुठल्याही गोष्टीचा प्रोग्रॅम करायला उतावीळ होते. त्यांनी स्टँडवरच्या मंडळाच्या कार्यालयात माइक नेला आणि बायकोला समोर बसवलं. इंदूबाईंचा आवाज त्या काळी असा की त्या विहारात वंदना घेऊ लागल्या की बाहेर चपला सांभाळणाऱ्यालाही शब्द न् शब्द कळे. त्यांच्याकडून सरांनी गावांची नावं आणि आकडे सुटे सुटे म्हणवून घेतले, आणि ते तुकडे जोडणारं एक फंक्शन लिहिलं. त्याचं नाव ठेवलं ‘बोल’. कोणत्या तुकड्यानंतर किती थांबायचं ते त्यांनी कान लावून लावून ठरवलं होतं. ऐकणाऱ्याला वाटे, कुणीतरी बाई भोंग्यामागे बसून एका दमात सांगते आहे.

सरांनी पुढे पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले. शाळेच्या निकालाचा लिहिला, रेशन दुकानाचा लिहिला, पतसंस्थेचा लिहिला. सगळे एकेक करून बंद पडले. ‘बोल’ तेवढा चालत राहिला.

इंदूबाईंचा आवाज मात्र राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि घशात कायमची खरखर आली. अंगणवाडीतल्या पोरांना दटावण्यापुरती ती चालून जाई. पण पौर्णिमेला विहारात त्या आता मागच्या रांगेत बसत आणि नुसते ओठ हलवत. सर संध्याकाळचं फिरायला जाताना नदीकडचा रस्ता सोडून स्टँडवरून जाऊ लागले.

आणि या उन्हाळ्यात स्टँडवरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पाल शिरली. पालही गेली आणि कॉम्प्युटरही.

मंडळाचा अध्यक्ष किसनसिंग म्हणाला, आता नवंच करू. कोणती गाडी किती वाजता ते लोकांना मोबाइलवर दिसलं पाहिजे. काम ममताकडे आलं, कारण तिचे वडील देवीलाल राठोड महागावची जीप चालवत, आणि अध्यक्षानं जीपमध्येच त्यांच्याकडून शब्द घेतला होता. ममतानं नवा प्रोग्रॅम पायथन या आताच्या भाषेत लिहिला. मोबाइलचं सगळं झालं. आवाजाशी आल्यावर ती थांबली.

“सर, तुमचं ‘बोल’ पुन्हा लिहायची गरजच काय? पास्कलमधलं पास्कलमधेच राहू द्या. मी पायथनमधून त्याले कॉल करतो.”

“म्हंजे माहा ‘बोल’ राह्यते जसाचा तसा?”

“जसाचा तसा. माहा प्रोग्रॅम फक्त हाक मारन. काम तोच करन.”

आपल्या घरी पाटा नसला की शेजारणीकडून वाटण वाटून आणतात तसं, असं तिनं वडिलांना समजावलं होतं. देवीलाल म्हणाले होते, वाटण आणताना सांडू नको म्हणजे झालं. आणि नेमकं पहिलं अक्षर सांडलं होतं.

अर्धा दिवस दोघं त्या अक्षराच्या मागे होते. शेवटी सरांनीच कपाळावर हात मारला. पास्कलची जुनी रीत अशी की शब्दाच्या आधी शब्दाची लांबी सांगायची, मग अक्षरं. ममताकडून येणाऱ्या शब्दात लांबी नव्हतीच, थेट अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी संपल्याची खूण. पास्कल बिचारा पहिल्या ‘पी’लाच लांबी समजत होता, आणि त्या हिशेबानं पुढचं जे हाती लागेल ते ओढून घेत होता.

“म्हंजे चूक कोनाची?” सरांनी विचारलं.

“कोनाचीच नाही. दोघायची रीत वेगळी.”

“पन आधी माही रीत होती.”

“हाव सर. आधी तुमचीच होती.”

नावांची भानगडच नको, असं ठरलं. नुसते आकडे पाठवायचे. आर्णी, केळापूर, पांढरकवडा, पारवा, महागाव, यवतमाळ. सरांच्या यादीत हाच क्रम होता आणि ममतानं तोच उतरवून घेतला.

“दोन लाव,” सर म्हणाले.

ममतानं हातानं दोन टाइप करून पाठवला. स्पीकरमधून इंदूबाई म्हणाल्या, “केळापूर.”

“सहा लाव.”

“यवतमाळ,” इंदूबाई म्हणाल्या. तरणा, खणखणीत आवाज. सर उगाचच टेबलावरचे कागद सरळ करू लागले.

आता पास्कलमध्ये सरांनी गावं एकपासून मोजली होती, आणि पायथन शून्यापासून मोजतो, म्हणजे त्याच्या लेखी आर्णी शून्य. हे ममताला पक्कं ठाऊक होतं. सरांनीही कुठेतरी वाचलं होतं. पण तेवढ्यात चहा आला.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं. किसनसिंगनं पांढरा सदरा घातला होता. त्यानं कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि माणसांनी फुललेल्या स्टँडसमोर छोटंसं भाषण केलं. घाटंजीचं स्टँड आता पुण्या-मुंबईच्या बरोबरीला आलं, असा त्याचा सूर होता. मग त्यानं मोबाइल हातात घेतला आणि पहिलं बटण स्वतः दाबलं. आर्णी. तरुणपणी तो स्वतः आर्णीची जीप चालवायचा, म्हणून ते बटण त्यानं दुसऱ्या कुणाला दाबूच दिलं नसतं.

भोंगा खरखरला आणि इंदूबाई बोलू लागल्या.

“लक्ष द्या. गाडी नंबर एक,” आणि मग आवाज एकदम घरातला झाला, “चालू झालं काय जी? हॅलो. हॅलो. थांबा नं, बाहेर हे गाढवावानी कोन रेकून राह्यलं? तो आर्णीवाला किसनसिंग व्हय काय? त्याले म्हना, तू आधी तोंड बंद कर, मंग मी बोलतो,” आणि पुन्हा सभ्य, “इथे जाण्यासाठी तयार आहे. धन्यवाद.”

आधी केळीवाला हसला. मग सगळं स्टँड हसलं. एक म्हातारा तर खाली बसून हसला.

नगराळे सरांच्या लगेच लक्षात आलं. शून्य नंबरची जागा त्यांनी वीस वर्षांपूर्वी माइकच्या ट्रायलसाठी ठेवली होती आणि ती पुसायची राहिली होती. गावं एकपासून सुरू होत, शून्याला कधी कुणी हाक मारलीच नव्हती. आज पहिल्यांदा मारली.

किसनसिंगच्या गळ्यात उरलेला हार होता, तो त्यानं हळूहळू काढला. “नगराळे सर,” तो म्हणाला, “हे काय व्हय?”

“ट्रायल व्हय,” सर म्हणाले.

खरा गोंधळ पुढं होता. ड्रायव्हरांना ओरडायची बंदी, जीपांवरच्या पाट्या केव्हाच्या पुसलेल्या, आणि लोकांचा भोंग्यावर वीस वर्षांचा विश्वास. प्रत्येक गाडीला यादीतल्या आधीच्या गावाचं नाव मिळत होतं. केळापूरची गाडी आर्णीची म्हणून भरली. पांढरकवड्याची गाडी केळापूरची म्हणून भरली, पण ती दोन गावं शेजारी-शेजारी असल्यामुळे तिथं कुणाची तक्रार आली नाही. देवीलालच्या महागावच्या जीपमध्ये पारव्याला मुलगी बघायला निघालेलं अख्खं कुटुंब बसलं, नवरदेवासकट. जीप आर्णी रोडला वळली तेव्हा आतून टपावर थापा पडू लागल्या.

“भाऊ, कोठी चालले तुमी?”

“मी महागावले चाललो. तुमी कोठी चालले?”

“आमी पारव्याले चाललो नं!”

“मंग माह्या गाडीत कायले बसले?”

“बाईनं सांगतलं नं भोंग्यातून!”

बाईनं सांगितलं म्हटल्यावर देवीलालनी जीप वळवली. नाक्यावर त्यांना परत येणाऱ्या दोन जीपा भेटल्या. यवतमाळचे लोक मात्र सकाळपासून जागेवरच बसून होते, कारण यवतमाळचं नाव भोंग्यानं घेतलंच नव्हतं.

दुपारी किसनसिंगनं सांगून टाकलं, ही बाई बंद. मोबाइलमध्ये एक बाई असते, ती सगळं वाचून दाखवते, तिलाच बसवा. त्यानं स्वतः ते लावूनही पाहिलं. मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “गाडी नंबर चार, परवा, इथे जाण्यासाठी तयार आहे.”

बाकड्यावर यवतमाळच्या गाडीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या नंदाबाई ‘गाडी’ ऐकून उठता उठता पुन्हा बसल्या. “परवा जाईन तं आजच कायले बसू बापा?”

स्पेलिंग बदलून परवाचा पारवा करून बघितला, तर बाई ‘पारावा’ म्हणाली. घाटंजीला ती ‘घटानजी’ म्हणाली. आपल्याच गावाचं नाव धड घेता येत नाही म्हटल्यावर किसनसिंगचंही मन उडालं. “उद्याचा एक दिवस देतो,” तो सरांना म्हणाला. “उद्या बराबर झालं तं ठीक. नाही तं मी भोंगाच उतरवतो.”

मग क्लासमध्ये येऊन सर आणि ममता कडकडून भांडले.

“शून्यापासून कोन मोजते?” सर म्हणाले. “तू घरातले मानसं मोजतानी बापाले शून्य म्हनते काय?”

“सर, आता सगळ्या भाषा शून्यापासूनच मोजतेत. तुमचीच एक राह्यली.”

“राह्यली म्हंजे? चालत होती नं वीस वर्षं?”

“हाव, तुमच्या घरात तुमी एकटेच असले तं कसं बी चालते.”

हे बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. तिनं लॅपटॉप उचलला आणि ती निघून गेली. सरांनाही तिला बोल लावल्याचं वाईट वाटलं. पण दोघांपैकी कुणी फोन केला नाही.

सर घरी गेले तेव्हा इंदूबाई मोबाइल कानाला लावून बसल्या होत्या. स्टँडवरचा व्हिडिओ अंगणवाडीच्या ग्रुपवर आला होता, मग विहाराच्या ग्रुपवर, आणि नागपूरहून मुलानं, अश्वजितनंही पाठवला होता. सर दारातच थांबले.

“किसनसिंग लय चिडला,” ते म्हणाले.

“चिडन नाही तं काय करन.” इंदूबाईंनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. “मी कवा म्हटलं हे? मले तं आठवत बी नाही.” बाहेर हे गाढवावानी कोन रेकून राह्यलं, मोबाइल म्हणाला. त्या हसल्या, हसता हसता खोकला आला, पाणी प्यायल्या. “कसा बोलत होतो जी मी. फटाफट.”

जेवण झाल्यावर सर कॉम्प्युटरपाशी बसले. पोरगी शहाणी आहे, पण ताठ आहे, त्यांनी विचार केला. आपण मोठे, आपणच वाकावं. तिला कशाला खाली बघायला लावायचं? त्यांनी ‘बोल’ उघडला आणि जो आकडा येईल त्यात एक मिळवायचा, अशी एक ओळ टाकली. शून्य आला तर एक होईल, आर्णी वाजेल. वीस वर्षांत त्या फंक्शनला त्यांनी पहिल्यांदा हात लावला. सकाळी स्टँड उघडताच त्यांनी नवी फाइल गुपचूप कॉम्प्युटरवर टाकली आणि कुणाला न सांगता क्लासमध्ये येऊन बसले. मन अगदी हलकं झालं होतं.

ममताचं मनही हलकं झालं होतं. आदल्या संध्याकाळीच तिनं ठरवलं होतं की सर म्हातारे झाले, त्यांचं एकच तर लेकरू आहे ते ‘बोल’, त्याला कशाला बदलायला लावायचं? तिनं आपल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्यात एक मिळवला. सकाळी कार्यालयाच्या मागच्या दारानं येऊन तोही तिनं कॉम्प्युटरवर टाकला, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवशी आर्णीच्या गाडीला भोंगा केळापूरची म्हणाला. पारव्याच्या गाडीला महागावची. देवीलालच्या जीपमध्ये यवतमाळच्या सवाऱ्या खच्चून भरल्या. काल पारव्याचे भरले होते, आज यवतमाळचे. “महागावले जानारं मानूस या दुनियेत हाय का नाही?” त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवून विचारलं. आणि खऱ्या यवतमाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा यादीत पुढं गावच उरलं नव्हतं. भोंगा म्हणाला, “लक्ष द्या. गाडी नंबर सहा,” आणि मग दळण अडकलेल्या गिरणीसारखा घरघरत राहिला.

ड्रायव्हरांची वीस वर्षांची गप्प बसण्याची सवय त्या घरघरीत संपली. आधी एकानं “आर्णी!” म्हटलं. मग सगळ्यांनीच तोंडं उघडली. पिशव्या ओढल्या जाऊ लागल्या. नाक्यावरचा हवालदार काठी टेकत टेकत येऊ लागला.

सर धावत कार्यालयात आले. मागोमाग ममता आली. पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

“असं कसं झालं?” सर म्हणाले. “मी तं एक वाढवला होता.”

ममतानं त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी वाढवला?”

“हाव. म्हटलं तुले कायले...”

“सर, मी बी वाढवला.”

बाहेर कुणाची तरी कोंबडी चुकीच्या जीपमध्ये गेल्याचा आरडाओरडा चालला होता. ममताच्या तोंडून आधी हसू फुटलं. सर ते आवरायला गेले आणि त्यांचा चष्माच खाली पडला.

पण दुरुस्त करायला कॉम्प्युटर तर जागेवर पाहिजे. ममतानं तो बंद करून पुन्हा चालू केला आणि त्यानं निळ्या पडद्यावर जाहीर केलं, अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका. खाली टक्के दिसत होते. ते गोगलगाईच्या चालीनं सरकत होते.

किसनसिंगनं दारातून ते टक्के पाहिले. तो वळला, जीपमध्ये बसला आणि निघून गेला. सरांना वाटलं, गेला भोंगा उतरवणारा माणूस आणायला.

किसनसिंग गेला होता अंगणवाडीत. इंदूबाई पोरांना खिचडी वाढत होत्या. पुढं तिथं काय बोलणं झालं ते सरांना नंतर कळलं.

“वहिनी, चला,” किसनसिंग म्हणाला होता. “स्टँड हातातून चाललं.”

“मी येऊन काय करू भाऊ? माहा आवाज गेला.”

“आवाज गेला तं गेला. तुमचं आयकतेत लोक.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मले गाढव म्हटलं ते जाऊ द्या.”

“गाढव नाही म्हटलं मी. गाढवावानी म्हटलं.”

“हाव, गाढवावानी,” किसनसिंगनं मान्य केलं.

खिचडी मदतनीस बाईच्या हवाली करून इंदूबाई जीपमध्ये बसल्या. स्टँडच्या कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या हातात अजून पळी होती. ती त्यांनी सरांकडे दिली आणि माइक घेतला. सर पळी धरून उभे राहिले.

“शांत बसा,” इंदूबाई म्हणाल्या.

भोंग्यातून आवाज आला तो जाडाभरडा, मधेच चिरणारा. हा आवाज स्टँडनं कधी ऐकला नव्हता. दोघं-तिघं ड्रायव्हर ओरडतच राहिले.

“जे ओरडन त्याची गाडी आखरीले सुटन,” इंदूबाई म्हणाल्या. “पारव्याचे कोन कोन हाय? हात वर करा. एक हात, आजी, दोन नोको. हां. देवीलालभाऊ, तुमच्या गाडीतले समदे खाली उतरवा. उतरा जी, कोनी खात नाही तुमाले. यवतमाळवाले पिंपळाखाली. महागाववाले दुकानापाशी. कोंबडी कोनाची हाय ते? घेऊन जा आपली आपली.”

लोक अंगणवाडीतल्या पोरांसारखे रांगेला लागले. हवालदार काठी बगलेत धरून बघत राहिला, मग त्यालाही त्यांनी आर्णीच्या रांगेत एक म्हातारी नीट चढवायच्या कामाला लावलं. दर दोन वाक्यांनी आवाज फुटत होता. मधे त्या थांबत, पाण्याचा घोट घेत आणि पुन्हा सुरू करत. सरांनी ग्लास भरून देताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर घाम होता आणि डोळे लखलखत होते. विहारातल्या मागच्या रांगेतली बाई ही नव्हती.

दोन फेऱ्या त्यांनी तशाच सोडल्या. तेवढ्यात कॉम्प्युटर जागा झाला.

“मी माहा एक काढतो,” सर म्हणाले.

“नाही सर, मी माहा काढतो. तुमचं राहू द्या.”

“अवं पोरी, तुहं कायले...”

“एकानंच काढा!” इंदूबाई ओरडल्या. माइक चालूच होता. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं, आणि काही एक माहीत नसताना पिंपळाखालच्या लोकांनीही मान डोलावली.

ठरलं की सरांनी काढायचा. त्यांनी ती ओळ पुसली, ‘बोल’ पूर्वी होता तसा झाला. “आता हात नका लावू त्याले,” ममता म्हणाली. “तो एकपासून मोजो. मी माह्याकडं पाहून घेईन.” मग म्हणाली, “शून्यातलं ते ट्रायलचं पुसायचं काय?”

सरांनी किसनसिंगकडे पाहिलं. किसनसिंग भिंतीकडे बघत मिशी पिळत होता.

“राहू द्या,” तो म्हणाला. “शून्याले कोन बोलावते आता?”

संध्याकाळ झाली होती. कार्यालयात चहा होऊन इंदूबाई बाहेर बाकड्यावर येऊन बसल्या. सर शेजारी उभे राहिले. यवतमाळची शेवटची गाडी राहिली होती, आणि तिची सवारी असलेल्या नंदाबाई बाकड्यावरच पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आज सकाळी त्या महागावच्या जीपमध्ये बसून परत आल्या होत्या, काल मोबाइलमधल्या बाईनं त्यांना परवाचा वायदा दिला होता. इंदूबाई त्यांना विचारू लागल्या, यवतमाळला कोणाकडं चाललात, लेक दिली का तिथं. दिवसभराच्या बोलण्यानं घसा पार बसला होता, शब्द खरडत बाहेर येत होते.

भोंगा वाजला. “लक्ष द्या,” तो स्वच्छ, तरणा आवाज म्हणाला.

“तं लेकीले किती लेकरं...” इंदूबाई विचारत होत्या.

“थांबा नं बाई,” नंदाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थोपवलं. “मधात बोलू नोका. ते पोरगी काय सांगते ते आयकू द्या.”

सरांनी सांगायला तोंड उघडलं. इंदूबाईंनी त्यांच्याकडे न बघताच हलकेच मान हलवली, नको. मग पदर सावरून त्या गप्प बसल्या आणि नंदाबाईंसारख्याच भोंग्याकडे तोंड करून ऐकू लागल्या.

“गाडी नंबर सहा, यवतमाळ, इथे जाण्यासाठी तयार आहे. धन्यवाद.”

“यवतमाळच म्हटलं नं?” नंदाबाईंनी विचारलं.

“हाव, यवतमाळच म्हटलं तिनं,” इंदूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, म्हातारीची पिशवी उचलली आणि जीपपर्यंत तिला हाताला धरून घेऊन गेल्या.